शाळेतल्या मुलांच्या दाढा, हायजिनिस्ट आणि देखरेखीचे नियम

स्वाती_टॅम्पा

बीडीएसनंतर अमेरिकेत काय करता येतं, या जुन्या धाग्यावर दोघी-तिघींनी मला विचारलं होतं. शाळेत जाऊन मुलांच्या दातांवर काम करतेस तेव्हा तिथे डेंटिस्ट असतो का, आणि नसेल तर ते कायद्यात बसतं का? उत्तर मोठं आहे, म्हणून वेगळा धागा काढते.

मी मूळची सांगलीची, बीडीएसही तिकडचंच. लग्नानंतर फ्लोरिडाला आले. परदेशी पदवी असलेल्या दंतवैद्याला इथे हायजिनिस्टच्या, म्हणजे दात साफ करणाऱ्या आणि कीड टाळायची कामं करणाऱ्या व्यक्तीच्या, परवान्याची परीक्षा देता येते. ही सोय सगळ्या राज्यांत नाही. परवाना मिळाला, काही वर्षं खासगी दवाखान्यात क्लीनिंग केलं, आणि आता शाळांमधल्या सीलंट कार्यक्रमात आहे.

काम असं चालतं. सकाळी साडेसातला शाळेच्या ग्रंथालयात घडीची खुर्ची उघडायची, दिवा लावायचा, कंप्रेसर सुरू करायचा. त्या आवाजाला मुलं दचकतात, म्हणून मी आधी तळहातावर हवा सोडून दाखवते. मुलं बहुतेक दुसरीतली. सहा-सात वर्षांच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते. ती दुधाच्या दाढांच्या मागे उगवते, तिच्यासाठी एकही दात पडत नाही. त्यामुळे ही आता जन्मभराची दाढ आहे हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस आत शिरत नाही. कीड धरते ती तिथेच.

सीलंट म्हणजे त्या खाचा बुजवणं. दाढ घासून घ्यायची, दोन्ही बाजूंना कापसाच्या गुंडाळ्या ठेवायच्या, मग निळं आम्लाचं जेल पंधरा-वीस सेकंद. धुवायचं, वाळवायचं. नीट वाळली की दाढ खडूसारखी पांढरी दिसते. त्या क्षणी जिभेचं टोक लागलं तर सगळं पहिल्यापासून! मग पातळ सीलंट खाचांमध्ये सोडून दिव्याखाली घट्ट करायचं. सुई नाही, ड्रिल नाही. सीडीसीचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेचा, आकडा सांगतो की मागच्या दातांमधली ८० टक्के कीड सीलंटमुळे २ वर्षं टळते, आणि ४ वर्षांपर्यंत ५० टक्के.

आता नियम. फ्लोरिडात २०११ साली कायदा बदलला. सरकारी आरोग्य खात्याचे कार्यक्रम, ना-नफा आरोग्य केंद्रं, गरीब घरांतल्या मुलांसाठीच्या सरकारी 'हेड स्टार्ट' बालवाड्या, शाळांमधले प्रतिबंधक कार्यक्रम अशा ठरावीक ठिकाणी हायजिनिस्टला डेंटिस्टची हजेरी, त्याने आधी केलेली तपासणी किंवा त्याची परवानगी यांतलं काहीही नसताना दातांची नोंद करता येते, फ्लोराइड आणि सीलंट लावता येतं. दातांवरचा थर काढायचा, म्हणजे क्लीनिंग करायचं असेल तर मात्र आधी डेंटिस्ट किंवा डॉक्टरची वैद्यकीय संमती लागते. क्लीनिंगनंतर १३ महिन्यांच्या आत डेंटिस्टने त्या रुग्णाला तपासलं पाहिजे, नाहीतर पुढचं काम थांबतं. शिवाय ही सेवा डेंटिस्टच्या पूर्ण तपासणीला पर्याय नाही आणि रोगनिदान डेंटिस्टच करेल, हे पालकांना लेखी द्यावं लागतं. आमचे फॉर्म इंग्रजी, स्पॅनिश आणि हैतीच्या क्रिओल भाषेत असतात.

एवढी सूट कशासाठी, याचं उत्तर मला साउथ कॅरोलायनाच्या प्रकरणात सापडलं. ते इथे कुणाला फारसं माहीत नसेल म्हणून सविस्तर लिहिते. तिथे पूर्वी नियम होता की शाळेत हायजिनिस्टने मुलाला हात लावण्याआधी ४५ दिवसांच्या आत डेंटिस्टने त्याला तपासलेलं असावं. ऐकायला किती योग्य वाटतं! पण ज्या मुलाला डेंटिस्ट मिळतच नाही त्याच्यासाठीच तर हायजिनिस्ट शाळेत येणार होती. २००० साली तिथल्या विधिमंडळाने ही अट काढून टाकली. २००१ मध्ये राज्याच्या दंतवैद्यक मंडळाने तातडीचा नियम काढून तीच अट परत आणली. मंडळात बहुसंख्य सभासद स्वतः दवाखाना चालवणारे डेंटिस्ट होते. तो नियम सहा महिने टिकला, आणि शाळांमधलं काम कोसळलं. २००३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाने, मंडळावर तक्रार दाखल केली. आरोप आरोग्याचा नव्हता, स्पर्धा दडपल्याचा होता. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा आणखी स्पष्ट केला. मंडळ अपिलात गेलं, सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकायला घेतलं नाही, आणि २००७ मध्ये समझोता झाला. सार्वजनिक आरोग्याच्या ठिकाणी डेंटिस्टच्या पूर्वतपासणीची गरज नाही, या धोरणाला आपला पाठिंबा असल्याचं मंडळाला जाहीर करावं लागलं.

दुसरीतलं मूल तोपर्यंत आठवी-नववीत गेलं असणार. दाढेला सीलंट लावायची वेळ कधीच टळून गेली.

आता मला खरं खुपतं ते. मागच्या वर्षी एक मुलगा आला. तोंड उघडलं तर उजवीकडे खालच्या हिरडीवर पुळी, पू झालेला. मला निदान करायचा अधिकार नाही आणि तो नसावाच. मी 'तातडीचं' अशी लाल खूण करून चिठ्ठी दिली, शाळेच्या नर्सने आईला फोन केला. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, घेणारा जवळचा दवाखाना दोन महिन्यांनंतरची तारीख देत होता. आई रोजंदारीवर, तिला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, तारीख हुकली, पुन्हा पहिल्यापासून रांग. पुढच्या फेरीला मी त्याला पाहिलं तेव्हा दाढ काढलेली होती. आठ वर्षांचा मुलगा, कायमची दाढ गेली. माझे हात काय करू शकतात यावर कायद्यात पानंच्या पानं आहेत. माझी चिठ्ठी घेऊन निघालेलं मूल कुणी, किती दिवसांत बघायचं, यावर एक ओळ नाही. देखरेख हवी असेल तर ती तिथे हवी, असं मला कळकळीने वाटतं. तुमचे अनुभव लिहा.

मुग्धा_नाशिक

स्वातीताई, खूप आभार. मीच विचारलं होतं तो प्रश्न. डायरेक्ट, इनडायरेक्ट, जनरल सुपरव्हिजन असे शब्द वाचले, त्यात फरक काय? मी बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे.

स्वाती_टॅम्पा

मुग्धा, फ्लोरिडापुरतं सांगते, कारण व्याख्या राज्यागणिक बदलतात. डायरेक्ट म्हणजे डेंटिस्ट रुग्णाला बघतो, निदान करतो, काम करायला सांगतो, इमारतीत थांबतो आणि रुग्ण जाण्याआधी झालेलं काम तपासतो. इनडायरेक्टमध्ये त्याने सांगितलेलं असतं आणि तो इमारतीत असतो, पण शेवटी तपासलंच पाहिजे असं नाही. जनरलमध्ये त्याने सांगितलेलं पुरतं, तो जागेवर नसला तरी चालतं. शाळेत मी सीलंट लावते ते या तिन्हींच्या बाहेर, वर लिहिलेल्या सवलतीखाली. आणि हीच मी दवाखान्यात नोकरीला असताना भुलीचं इंजेक्शन द्यायचं तर डायरेक्ट देखरेख लागते. ते मला मान्य आहे. सुईचा धोका वेगळा, सीलंटचा वेगळा.

दंतवैद्य_कोल्हापूर

लेख मन लावून वाचला. तुमची तळमळ पोचते, तरी थोडा विरोध नोंदवतो. माझी प्रॅक्टिस २२ वर्षांची आहे.

पहिला मुद्दा, एक्स-रे नाही, डेंटिस्टची नजर नाही, आणि तुम्ही दाढ बंद करून टाकता. आत कीड असली तर? ती आतल्या आत वाढेल.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पदवी नसलेले लोक बाजाराच्या दिवशी बसून दात काढतात, दातांना ॲक्रिलिक चिकटवून कायमची कवळी म्हणून पैसे घेतात. त्यांनी बिघडवलेल्या हिरड्या मी दर महिन्याला बघतो. मागच्याच आठवड्यात एक आजी आल्या. दोन चांगल्या दातांना तारेने बांधून मध्ये खोटा दात ओतलेला, खाली हिरडी कुजलेली, दोन्ही चांगले दात हलायला लागलेले. अशा ठिकाणी 'डेंटिस्टशिवाय चालतं' हे वाक्य नुसतं उच्चारलं तरी उद्या त्याचा काय अर्थ लावला जाईल याची मला धास्ती वाटते. तुमच्याकडे परवाना, नोंदणी, तक्रारीची सोय आहे. इथे ती कागदावर आहे.

स्वाती_टॅम्पा

डॉक्टर, तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण पटतो. आजींचं वाचून वाईट वाटलं. परवाना नसलेल्याला कुठलीच सूट नको. मी बोलते आहे ते शिकलेल्या, नोंदणी असलेल्या आणि चूक झाली तर परवाना गमावू शकणाऱ्या माणसाबद्दल.

पहिल्या मुद्द्यावर मात्र सांगायचं आहे. हीच शंका मलाही होती, कॉलेजात आपल्याला तसंच शिकवलेलं. शाळांमधल्या सीलंटसाठी २००९ साली सीडीसीच्या पुढाकाराने तज्ज्ञगटाच्या शिफारशी आल्या. खड्डा पडला आहे की नाही ते ठरवायला दात कोरडा करून नजरेने बघणं पुरेसं आहे, सीलंटसाठी एक्स-रे लागत नाही, आणि टोकदार सळईने खाच टोकरू नये, असं त्यांत आहे. सुरुवातीची कीड, जिथे खड्डा पडलेला नाही, तिच्यावर सीलंट बसलं तर ती वाढायची थांबते, कारण तिला वरून खाणं मिळत नाही. खड्डा असेल तर मी सीलंट लावत नाही, चिठ्ठी देते.

आणखी एक गोष्ट, मला ती फार आवडते. हा व्यवसायच मुळात शाळेसाठी उभा राहिला. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावचे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करायला शिकवलं. १९१३ मध्ये त्यांनी पहिली शाळा काढली आणि तिथून शिकलेल्या बायकांना गावातल्या शाळांमध्ये मुलांचे दात बघायला धाडलं. हायजिनिस्ट खासगी दवाखान्यातल्या खुर्चीमागे गेली ती नंतर.

लीड्सकर

इकडे इंग्लंडमध्ये माझी बायको डेंटल थेरपिस्ट आहे, म्हणजे हायजिनिस्टचं काम करते आणि शिवाय दात भरते. १ मे २०१३ पासून इथल्या दंतव्यवसायाचं नियमन करणाऱ्या जनरल डेंटल कौन्सिलने आधी डेंटिस्टकडे जायची अट काढली. रुग्ण थेट हायजिनिस्ट किंवा थेरपिस्टकडे जाऊ शकतो. पण गंमत बघा, पेशंटला हात लावायची मुभा मिळाली आणि औषधाचा कायदा जुनाच राहिला. भूल द्यायची किंवा फ्लोराइड व्हार्निश (दातांवरचा फ्लोराइडचा लेप) लावायचं तर डेंटिस्टची चिठ्ठी किंवा वेगळा लेखी आदेश लागायचा. ती वैतागायची, 'मी दाढ भरू शकते पण त्याआधीच्या सुईसाठी कागद शोधत बसायचं.' तो बदल झाला २६ जून २०२४ ला, म्हणजे अकरा वर्षांनी. स्वातीताई, तुम्ही म्हणता तसंच, मुख्य नियम सैल होतो आणि काम शेजारच्या दुसऱ्याच नियमात अडकतं.

अरुंधती_के

माझा अनुभव मुलांचा नाही, बाबांचा आहे. ते कॅलिफोर्नियात नर्सिंग होममध्ये होते, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले. त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे स्ट्रेचरची गाडी, दोन माणसं आणि त्यांचा दिवसभराचा त्रास. सोशल वर्करने सांगितलं की इथे 'अल्टरनेटिव्ह प्रॅक्टिस'चा परवाना असलेली हायजिनिस्ट जागेवर येते. तो परवाना मिळवायला हायजिनिस्टला अनुभव लागतो, १५० तासांचा वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो, आणि पुढे पाठवण्यासाठी किमान एका डेंटिस्टशी नोंदलेला संबंध ठेवावा लागतो.

ती बाई चाकाच्या पेटीत सगळं सामान घेऊन आली. बाबांना पाणी गिळता येत नव्हतं, म्हणून तिने पाण्याचं यंत्र वापरलंच नाही. पलंगाचं डोकं उंच केलं, बाबांची मान एका बाजूला वळवली आणि हातानेच, हळूहळू, दातांमागचा साठलेला थर काढला. पाऊण तास लागला. तिने मला सांगितलं की तोंडातले जंतू श्वासाबरोबर छातीत उतरले तर अशा माणसाला न्यूमोनिया होतो. हे मला एकाही डॉक्टरने तोवर सांगितलं नव्हतं. मग तिने तिथल्या मदतनीस मुलीला ओल्या गॉझने टाळू कशी पुसायची ते करून दाखवलं. बाबा त्या दिवशी कित्येक महिन्यांनी 'बरं वाटलं' असं म्हणाले, अगदी स्पष्ट.

डेंटिस्ट तिथे असावा असा नियम असता तर ती आली नसती, आणि डेंटिस्टही आला नसता.

स्वाती_टॅम्पा

अरुंधतीताई, हे लिहिलंत, फार बरं केलंत. गिळता येत नसलेल्या माणसाजवळ पाण्याचं यंत्र बंद ठेवायचं, हे तिचं तिने ठरवलं. शिक्षण म्हणतात ते हेच.

टोरांटो_मंदार

इकडे कॅनडातल्या ओंटारियोत हायजिनिस्टला २००७ पासून स्वतःहून क्लीनिंग सुरू करता येतं, डेंटिस्टची ऑर्डर लागत नाही, त्यांचं स्वतंत्र 'कॉलेज' (शिकवणारं नव्हे, नियामक मंडळ) नियमन करतं. आमच्या गल्लीतच एकीचा स्वतःचा दवाखाना आहे. मागे माझ्या बायकोच्या हिरडीवरचा पांढरा चट्टा तिनेच पाहिला आणि त्याच दिवशी पुढे पाठवलं.

गुरुजी_राधानगरी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तुमच्या चर्चेत बोलण्याएवढं माझं ज्ञान नाही, पण शाळेतलं चित्र सांगतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आमच्याकडे येतं. दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट. उंची, वजन, डोळे, कान, हृदय, त्वचा, दात, सगळं बघतात आणि कार्डावर लिहितात. कष्टाळू माणसं आहेत, एका दिवसात अख्खी शाळा करतात. दात किडलेला दिसला की संदर्भ चिठ्ठी मिळते, ग्रामीण रुग्णालयात जा म्हणून. आमच्या वाडीतून तिकडे जायला सकाळी एकच एसटी. आई-बाप भातलावणीत. दुखत नाही तोवर चिठ्ठी दप्तरात तशीच राहते. मी काही दप्तरांत मागच्या वर्षीची चिठ्ठी पाहिली आहे, घडी न मोडलेली.

स्वातीताईंनी त्या मुलाची गोष्ट लिहिली ती वाचून वाटलं, अमेरिका काय आणि राधानगरी काय, चिठ्ठीचं घोडं तिथेच अडतं. माझा साधा प्रश्न आहे. तुमच्यासारखी हायजिनिस्ट आमच्या शाळेत का येत नाही?

दंतवैद्य_कोल्हापूर

गुरुजी, कायद्यात ती आहे. १९४८ च्या डेंटिस्ट ॲक्टमध्ये डेंटल हायजिनिस्टची व्याख्याच दिलेली होती. डेंटिस्ट किंवा डॉक्टर नसलेली, पण दातांवरचा थर काढणारी, दात स्वच्छ आणि गुळगुळीत करणारी किंवा मुखस्वच्छता शिकवणारी व्यक्ती. राज्याच्या कौन्सिलकडे तिच्यासाठी वेगळी नोंदवही आणि बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रमही. २०२३ मध्ये त्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला. पण माझ्या इतक्या वर्षांत माझ्याकडे कामाला एकही नोंदणीकृत हायजिनिस्ट आलेली नाही. स्केलिंग मी करतो, नाहीतर माझा ज्युनियर बीडीएस करतो. आपल्याकडे बीडीएस भरपूर आणि शहरात दाटीवाटीने, म्हणून हायजिनिस्ट नेमायची कुणाला गरज पडली नाही. गावाकडे दोघेही नाहीत.

हे लिहिताना माझाच मुद्दा थोडा ढिला पडतोय हे मला दिसतं. डेंटिस्ट शेजारी हवाच असं मी वर म्हटलं. राधानगरीच्या वाडीत मी शेजारी असतो कधी? आरोग्यवर्धिनी केंद्रातले सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, तिशीवरच्या लोकांचं तोंड उघडून कर्करोगाच्या खुणा बघतात, त्याला मी कधी हरकत घेतली नाही, उलट चांगलंच म्हटलं. मग शिकलेल्या हातांनी लावलेल्या फ्लोराइड व्हार्निशला हरकत कशी घेऊ? तरी निदान आणि छेदण्या-काढण्याचं काम डेंटिस्टचंच, यावरून मी हलणार नाही. आणि नोंदणी कडक हवी.

स्वाती_टॅम्पा

डॉक्टर, त्या दोन्हींवर मी तुमच्याच बाजूला आहे. मी मागते ते एवढंच, की चिठ्ठीच्या दुसऱ्या टोकाला एक नाव आणि एक तारीख असावी. कॅलिफोर्नियात परवान्याबरोबर डेंटिस्टशी संबंध नोंदवावा लागतो असं अरुंधतीताईंनी लिहिलं, मला तीच वाट बरोबर वाटते. डेंटिस्ट खोलीत नसू दे, पण हे मूल कुणाच्या यादीवर आहे ते ठरलेलं हवं. आमच्या १३ महिन्यांच्या अटीतही तीच गोम आहे. डेंटिस्टची तपासणी झाली नाही तर हायजिनिस्टने थांबायचं. म्हणजे दवाखाना मिळाला नाही म्हणून जी सेवा मिळत होती तीही बंद. यात शिक्षा होते ती मुलाला.

गुरुजी, हायजिनिस्ट येईपर्यंत एक करता येईल. पहिली-दुसरीच्या मुलांना उजेडात तोंड उघडायला सांगा. समोरच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून मागे मोजत जा. सहावा दात दिसला तर ती कायमची दाढ. त्यावर तपकिरी-काळी खाच, खड्डा किंवा शेजारी हिरडीवर पुळी दिसली तर नाव लिहून ठेवा. काही टोचायचं नाही, खरवडायचं नाही. खड्डा आणि पुळी यांची नावं वेगळी, कारण पुळीवाल्यांना थांबून चालणार नाही. आणि आई-बापांना एकच वाक्य सांगा, ही दाढ पडून परत येणार नाही.

गुरुजी_राधानगरी

आज मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बघितलं. मुलांना मजा वाटली, रांग लावली. सहावा दात मोजायला जमलं. दोघांच्या हिरडीवर पुळी आहे. त्यातली एक मुलगी डाव्या बाजूने खातच नाही असं तिच्या बहिणीने सांगितलं, तिने स्वतः कधी तक्रार केली नव्हती. खड्डेवाल्यांची यादी वेगळी केली आहे, ती मोठी आहे. आता ही यादी कुणाला देऊ?

दंतवैद्य_कोल्हापूर

मला द्या. पुळीवाल्या दोघांना या रविवारी घेऊन या, दवाखाना उघडा ठेवतो, पैशाचं बघू नका. बाकीच्यांसाठी मीच एक दिवस शाळेत येतो. तारीख ठरवायला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.